डीएनए टेस्टचं किट मागवताय? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सगळ्या पायऱ्या

आमच्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी विचारतंच, अगं ते डीएनए टेस्टचं किट कसं असतं, सेल लागलाय, घेऊ का? मला विचारतात कारण आमच्या घरात दोन्ही प्रकार होऊन गेलेत. भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याने तिथलं लाळेचं किट केलं, त्याचा सगळा रिपोर्ट आम्ही दोघांनी बसून वाचला. आणि इकडे मावशीला स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा तिच्याबरोबर जेनेटिक क्लिनिकला मी जात होते. दोन्हीला लोक डीएनए टेस्टच म्हणतात, पण दोन्हीत जमीनअस्मानाचा फरक आहे. तो माहीत नसला की पैसे जातात, किंवा माणूस उगाच घाबरतो, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे जी टेस्ट खरंच करायला हवी होती ती राहून जाते. म्हणून क्रमाने लिहितेय. मी डॉक्टर नाहीये, पण हे सगळं डॉक्टर आणि जेनेटिक काउन्सेलर (म्हणजे आनुवंशिक आजार आणि टेस्ट यांबद्दल सल्ला देणारे तज्ज्ञ) यांना खोदून खोदून विचारून घेतलेलं आहे.

१. आधी प्रश्न ठरवा, किटचं नंतर बघू

एका कागदावर एका ओळीत लिहा की तुम्हाला नक्की काय कळून घ्यायचंय. "सगळंच" असं लिहू नका, कारण सगळं सांगणारी टेस्ट नाहीये.

आपले पूर्वज कुठले, लांबचे नातेवाईक सापडतात का, दूध का पचत नाही, असलं कुतूहल असेल तर लाळेचं किट ठीक आहे. हौस म्हणून करा, मजा येते.

लग्न ठरतंय किंवा मूल हवंय आणि थॅलेसेमियाची (रक्तात हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) काळजी आहे, तर किट नको. साध्या लॅबमध्ये जा आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी टेस्ट) करा. रक्ताची टेस्ट आहे, किटच्या मानाने खूपच स्वस्त, आणि त्यात हिमोग्लोबिन ए-टू किती ते कळतं. ते साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर असलं तर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे फक्त वाहक, असण्याची शक्यता धरतात. मायनर असलेल्या माणसाला स्वतःला फारसा काही त्रास नसतो म्हणून वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही, पण नवरा-बायको दोघंही मायनर असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर, म्हणजे गंभीर थॅलेसेमिया, होण्याची शक्यता २५ टक्के असते. सिंधी, लोहाणा, कच्छी कुटुंबांत हे प्रमाण जास्त आहे पण बाकीच्यांनी निर्धास्त राहावं असं अजिबात नाही. एक बारीक गोष्ट, अंगात लोह फार कमी असेल तर ए-टू खोटंच कमी दिसू शकतं, म्हणून ॲनिमिया असेल तर डॉक्टरला आधीच सांगा, ते लोहाच्या गोळ्या देऊन टेस्ट परत करायला लावतील. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या लोकांनी सिकलसेलही (रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात तो आनुवंशिक आजार) बघून घ्यावं, तेही एचपीएलसीत दिसतं आणि सरकारी दवाखान्यातही तपासणी होते, २०२३ पासून त्याची देशभर मोहीमच चालू आहे. आणखी गुंतागुंतीचं काही निघालं तर परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे, त्यांचं कामच हे आहे.

घरात कॅन्सर किंवा तरुण वयातला हृदयविकार असेल तर जेनेटिक काउन्सेलर गाठा. याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय, ते वाचल्याशिवाय काही मागवू नका.

बाप कोण हा प्रश्न असेल आणि तो कोर्टात जायचा असेल तर घरी घेतलेला नमुना उपयोगाचा नाही, नमुना कोणी घेतला, कोणाच्या हातातून गेला याची नोंद लागते. वकिलाला विचारा.

आणि गर्भातलं बाळ मुलगा की मुलगी हे कळून घ्यायला कोणी "परदेशात रक्त पाठवू" म्हणत असेल तर त्या माणसापासून लांब राहा. १९९४ च्या कायद्याने हा गुन्हा आहे. गरोदरपणात आईच्या रक्तावरून बाळाचे क्रोमोझोम (गुणसूत्रं) तपासतात ती टेस्ट भारतात कायदेशीर आहे, पण तिच्या रिपोर्टात लिंग लिहीत नाहीत.

२. किट नक्की काय वाचतं ते समजून घ्या

माणसाचा डीएनए म्हणजे साधारण ३०० कोटी अक्षरं, ए, टी, सी, जी या चारच अक्षरांची. बाजारातली बहुतेक किटं त्यातली सहा-सात लाख ठिकाणं बघतात, चिप लावून. कुठली ठिकाणं बघायची ते आधीच ठरलेलं असतं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतो ना आपण, ती इथे चालत नाही, कारण एखाद्या जीनमध्ये (डीएनएचा एकेका कामाचा तुकडा) हजारो ठिकाणी बिघाड होऊ शकतो आणि चिपने त्यातली चार-दोनच ठिकाणं बघितलेली असतात.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे बीआरसीए. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी संबंध असलेले बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ हे दोन जीन. अमेरिकेत २०१८ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीला थेट ग्राहकांना बीआरसीएचा रिपोर्ट द्यायची परवानगी मिळाली, तेव्हा त्यात फक्त तीन बदल तपासायचे, आणि ते तिन्ही मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे मूळ युरोपातल्या, ज्यू लोकांमध्ये आढळणारे. २०२३ मध्ये ही यादी ४४ वर गेली. पण या दोन जीनमधले धोक्याचे म्हणून माहीत असलेले बदल काही हजार आहेत. म्हणजे आपल्यातल्या बाईच्या किट रिपोर्टमध्ये "बदल आढळला नाही" असं हिरव्या अक्षरात आलं, तर त्याचा अर्थ "आम्ही बघितलेल्या थोड्या ठिकाणी नाही" एवढाच.

हॉस्पिटलची टेस्ट अख्खा जीन अक्षर न् अक्षर वाचते, त्याला सिक्वेन्सिंग म्हणतात. एका जीनचं करतात, पन्नास-शंभर जीनच्या पॅनलचं करतात, एक्झोम म्हणजे प्रोटीन बनवणारा सगळा भाग वाचतात, किंवा अख्खा जीनोमही वाचतात. जाहिरातीत "अॅडव्हान्स्ड" वगैरे शब्द असतात त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, कंपनीला मेल करून सरळ विचारा, चिप आहे की सिक्वेन्सिंग, आणि अमुक जीनमधले किती बदल तपासता. उत्तर गोलगोल आलं तर सोडून द्या.

३. घरच्यांशी बोला

ही पायरी सगळे टाळतात. तुमचा निम्मा डीएनए आईचा, निम्मा वडिलांचा, सख्ख्या भावंडांशीही सरासरी निम्मा सारखाच. तुम्ही तुमचं पाकीट उघडता तेव्हा थोडंसं त्यांचंही उघडता. दत्तक, दुसरं लग्न, डोनरच्या मदतीने झालेलं मूल, अशा गोष्टी ज्या घरात कधी बोलल्या गेल्या नाहीत त्या स्क्रीनवर एका ओळीत येतात, परत मिटवता येत नाहीत. म्हणून निदान आईवडील आणि भावंडांना सांगा की मी करतोय किंवा करतेय, आणि कोणाला काय कळून घ्यायचं नाही ते विचारा. "मला नाही कळून घ्यायचं" हे उत्तरही मान्य करायचं.

लहान मुलांची हौसेची टेस्ट करू नका, प्लीज. मोठेपणी होणाऱ्या आजाराचा धोका त्याला आत्ता कळून काही उपयोग नसतो, आणि ते कळून घ्यायचं की नाही हे ठरवायचा हक्क त्याचा आहे. डॉक्टरांनी मुलाच्याच आजारासाठी सांगितलं तर गोष्ट वेगळी.

४. कंपनी निवडणं आणि कन्सेंट फॉर्म

भारतात राहत असाल तर आधी बघा की ती कंपनी भारतात विकते का. बाहेरच्या कंपनीचं किट पाहुण्याबरोबर मागवून लाळ कुरिअरने परदेशी पाठवायच्या भानगडीत पडू नका, मानवी नमुने देशाबाहेर पाठवायला नियम आहेत, पार्सल अडकतं. आपल्याकडेही कंपन्या आहेत, हैदराबादची मॅपमायजीनोम ग्राहकांसाठी किटं विकते, बंगळुरूची मेडजीनोम मुख्यतः हॉस्पिटलमार्फत येणाऱ्या टेस्ट करते. मी कोणाचीच शिफारस करत नाहीये. लॅबला एनएबीएलचं (भारतात लॅबचा दर्जा तपासणारी संस्था) मानांकन आहे का, आणि ते या विशिष्ट टेस्टसाठी आहे का, हे बघा. अमेरिकेत असाल तर क्लिया आणि कॅप ही तिथल्या मानांकनांची नावं शोधा. रिपोर्टनंतर काउन्सेलरशी बोलायची सोय किंमतीतच धरलेली आहे का तेही विचारा.

मग कन्सेंट. इथे घाई नको. फॉर्ममध्ये साधारण तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि लोक तिन्हीला एका दमात टिक करतात. एक, टेस्ट करायची परवानगी, ती द्यावीच लागते. दोन, नमुना पुढे साठवून ठेवायचा का. तीन, तुमचा डेटा रिसर्चसाठी वापरायचा का, म्हणजे औषध कंपन्यांबरोबरच्या कामातही. दुसऱ्या आणि तिसऱ्याला नाही म्हटलं तरी रिपोर्ट मिळायला हवा. नसेल मिळत तर तिथे टेस्ट करू नका.

मी रिसर्चच्या विरोधात अजिबात नाही, उलट मला वाटतं आपल्या लोकांचा डेटा रिसर्चमध्ये फार कमी आहे आणि त्याचा तोटा आपल्यालाच होतो. जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या सुमारे १०,००० लोकांचे जीनोम वाचले, त्याचा डेटा फरीदाबादच्या केंद्रात ठेवलाय आणि जानेवारी २०२५ मध्ये तो संशोधकांसाठी खुला झाला, हे फार मोठं काम आहे. पण सरकारी संशोधनाला परवानगी देणं वेगळं आणि खाजगी कंपनीला कायमचा डेटा देणं वेगळं. कंपन्या विकल्या जातात. ट्वेंटीथ्री-अँड-मीचे दीड कोटीच्या आसपास ग्राहक होते, मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या अॅटर्नी जनरलनी लोकांना जाहीरपणे आठवण करून दिली की तुम्ही तुमचा डेटा डिलीट करू शकता. पुढे तिची सहसंस्थापक अॅन वोजिकी हिच्याच ना-नफा संस्थेने ३० कोटी ५० लाख डॉलरला ती घेतली. त्या मधल्या काळात आमचा भाऊ रोज बातम्या बघत होता, आपली लाळ कोणाकडे जाणार म्हणून.

इन्शुरन्सचंही बघून घ्या. अमेरिकेत २००८ चा जिना कायदा आहे, त्याने आरोग्य विमा आणि नोकरी या दोन ठिकाणी जेनेटिक माहितीवरून भेदभाव करता येत नाही, पण लाइफ इन्शुरन्स त्यात येत नाही. भारतात असा वेगळा कायदाच नाहीये. २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा आहे पण तो डेटाबद्दल आहे, भेदभावाबद्दल नाही. विम्याच्या फॉर्मवर जे विचारलंय त्याचं उत्तर खरंच द्यायचं असतं, म्हणून टर्म इन्शुरन्स काढायचाच असेल तर तो आधी काढा आणि हौसेची टेस्ट नंतर करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

५. जवळ काय काय हवं

हौसेच्या किटसाठी:
- स्वतःचा ईमेल, ऑफिसचा नको आणि कॉमन फॅमिलीचा तर नकोच
- नवीन पासवर्ड, दुसरीकडे कुठेही न वापरलेला, आणि टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) चालू
- किटवरच्या बारकोडचा फोटो (नळी पाठवून दिल्यावर नंबर शोधत बसायला नको)
- कुरिअरची पावती

पासवर्डचं एवढं का सांगतेय तर २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मीमधून माहिती चोरीला गेली ती अशीच. दुसऱ्या साइटवरून फुटलेले पासवर्ड चोरांनी इथे लावून बघितले, सुमारे १४,००० खाती उघडली, आणि त्या खात्यांतल्या नातेवाईकांच्या यादीतून जवळपास ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. म्हणजे ज्यांनी पासवर्ड नीट ठेवला होता तेही गेले.

हॉस्पिटलच्या टेस्टसाठी फाइल वेगळी:
- आजार झालेल्या माणसाचा बायोप्सी रिपोर्ट आणि उपचारांचे कागद
- आजार कोणत्या वयात निघाला, हे सगळ्यात महत्त्वाचं
- तीन पिढ्यांची वंशावळ, आईकडची आणि वडिलांकडची दोन्ही, कोण कशाने आणि कितव्या वर्षी गेलं
- घरात आधी कोणाची जेनेटिक टेस्ट झाली असेल तर तिचा पूर्ण रिपोर्ट
- आधार आणि विम्याची कागदपत्रं

वंशावळ काढताना म्हाताऱ्या माणसांना फोन करा. "पोटाचा आजार होता", "गाठ होती", "बाळंतपणात गेली" असली उत्तरं येतात, जशी आली तशी लिहा, अर्थ काउन्सेलर लावेल. आमच्याकडे आईच्या आत्याची "पोटात पाणी झालेलं" ही गोष्ट मी जवळजवळ सोडूनच देत होते, काउन्सेलरने तिथेच पेन थांबवलं आणि म्हणाली हा अंडाशयाचा कॅन्सर असू शकतो, वय किती होतं ते विचारून घ्या.

६. नमुना देणं

दिसायला सोपं पण नमुने इथेच फेल जातात. अर्धा तास आधीपासून खाणं, पिणं, च्युइंगगम, सिगारेट, ब्रश काही नाही. चहासुद्धा नाही. घरातली आजी मशेरी लावत असेल किंवा आजोबा तंबाखू खात असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा, सकाळी उठल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरायची आणि अर्धा तास काही तोंडात टाकायचं नाही, मग नमुना.

नळीवर रेघ असते, लाळ रेघेपर्यंत हवी, आणि वरचा फेस धरायचा नाही. फेसाने रेघ गाठली म्हणून झाकण लावलं की लाळ कमी भरते, लॅबला पुरेसा डीएनए मिळत नाही आणि दुसरं किट मागवावं लागतं. वयस्कर माणसांना लाळच सुटत नाही, त्यांचे गाल बाहेरून हळू चोळा, चिंचेचं लोणचं आठवायला सांगा, दहा मिनिटं लागली तरी चालतील. झाकण बंद केलं की त्यातलं द्रव लाळेत उतरतं, ते डीएनए टिकवायला असतं, ते प्यायचं नाही, अंगावर सांडू द्यायचं नाही. नळी सांगितलेली सेकंदं हलवा. काही किटांत गालाच्या आतून फिरवायचे स्वॅब असतात, तिथे टोकाला बोट लावू नका.

घरातल्या दोघातिघांचे नमुने एकाच दिवशी घेत असाल तर एकाचं पूर्ण संपवून, बारकोड त्याच्या नावावर टाकून, पाकीट बंद करून मगच दुसरं उघडा. नळ्यांची अदलाबदल झाली तर लॅबला ते कळायचा काही मार्ग नसतो.

ज्यांचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालंय त्यांनी लाळेचं किट करू नये, लाळेत दात्याच्या पेशी असतात, रिपोर्ट मिसळलेला येतो किंवा येतच नाही.

मग काही आठवडे वाट बघा.

७. मूळ कुठलं, हा भाग कसा वाचायचा

इथे टक्के येतात, आणि लोक तेवढेच स्क्रीनशॉट काढून पाठवतात. ही टक्केवारी म्हणजे तुमचा डीएनए कंपनीकडे असलेल्या आजच्या लोकांच्या गटांशी किती जुळतो त्याचा अंदाज. गट कंपनीने केलेले, नावं कंपनीने दिलेली. त्यांनी गट बदलले की तुमचे टक्के बदलतात, भावाचे एका अपडेटनंतर बदलले, त्याच्यात काहीच बदललं नव्हतं. आपल्याकडचे नमुने या गटांत युरोपच्या मानाने कमी, म्हणून आपल्याला मोठी ढोबळ नावं मिळतात.

यातून जात कळत नाही. गोत्र, देवक, कुळी, काही कळत नाही. लग्न जुळवताना कोणी डीएनए रिपोर्ट पुढे करून "आमचं रक्त शुद्ध" म्हणायला लागलं तर त्यांना एक संशोधन सांगा, हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेच्या आणि हार्वर्डच्या लोकांनी मिळून केलेलं, २०१३ मध्ये आलेलं. भारतातले जवळजवळ सगळेच गट साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मिसळलेले आहेत, आपापल्यातच लग्नं करायची पद्धत त्याच्यानंतरची.

हॅप्लोग्रुप नावाचा एक कोड येतो. पुरुषांना वाय क्रोमोझोमवरून बापाच्या बापाच्या बापाची ओळ आणि सगळ्यांना मायटोकॉन्ड्रियावरून (पेशीतला एक छोटा भाग, त्याचा डीएनए आईकडून येतो) आईच्या आईच्या आईची ओळ. आर-वन-ए हा कोड आला म्हणून कोणी छाती फुगवतं. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमचे पूर्वज १०२४, त्यातल्या एकाचा हा कोड. बाकीच्या १०२३ जणांबद्दल तो काहीच बोलत नाही.

खऱ्या इतिहासाची हौस असेल तर किटपेक्षा संशोधन वाचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातल्या राखीगढीचं काम २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं, साठेक सांगाड्यांचे नमुने तपासले तेव्हा एका बाईचा डीएनए वाचता आला, सिंधू संस्कृतीच्या काळातली बाई. किंवा कोकणातले बेने इस्राएल घ्या, मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्यावर २०१६ मध्ये अभ्यास झाला, त्यात मध्यपूर्वेकडच्या ज्यूंचा आणि इथल्या लोकांचा असा दोन्हीकडचा वारसा दिसला. पण ते अनेक लोकांचे नमुने एकत्र ठेवून, दुसऱ्या गटांशी ताडून काढलेलं उत्तर आहे. एकट्याच्या नळीतून ते निघत नाही.

८. नातेवाईकांची यादी

हे फीचर चालू करायचं की नाही तो निर्णय वेगळा घ्या, आणि गरज नसेल तर बंदच ठेवा. जुळणी सेंटीमॉर्गनमध्ये देतात, दोघांचा किती डीएनए सारखा आहे ते मोजायचं माप. आई किंवा वडील असतील तर साधारण ३४०० च्या पुढे, चुलत-मावस भावंडं साधारण ८५० च्या आसपास. पण आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न, एकाच पाच-दहा गावांत सोयरीक, असं पिढ्यान्पिढ्या चालत आलंय, त्यामुळे दोन माणसं तीन-तीन वाटांनी नात्यात असतात आणि आकडा फुगतो. साइट "चुलत भाऊ" म्हणते तो प्रत्यक्षात बराच लांबचा निघतो. आकडा बघून कोणाला भलताच मेसेज टाकू नका. भावाला यादीत जे मिळाले त्यातले बहुतेक खूप लांबचे, कारण डेटाबेसमध्ये आपले लोकच थोडे.

नातेवाईकांच्या जुळणीचा उपयोग पोलीसही करतात. कॅलिफोर्नियातला गोल्डन स्टेट किलर २०१८ मध्ये सापडला तो त्याच्या लांबच्या नातेवाईकांनी जेडमॅच नावाच्या साइटवर टाकलेल्या डीएनएवरून. गुन्हेगार सापडला हे चांगलंच, पण तुम्ही तुमची फाइल कुठे टाकली तर तुमच्या न विचारलेल्या चुलतभावाचाही माग लागू शकतो, हे माहीत असू द्या.

९. आरोग्याचा भाग, आणि घरात कॅन्सर असेल तर

डायबेटीस, हार्ट, लठ्ठपणा यांचे जे "तुमचा धोका सरासरीपेक्षा जास्त" असे आकडे येतात ते शेकडो-हजारो बारीक बदलांची बेरीज असते, आणि ती बेरीज ज्या अभ्यासांवर बेतलेली आहे त्यातले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे. आपल्यावर ती तेवढी अचूक लागत नाही. कमी धोका आला म्हणून शुगर तपासायची सोडू नका. आहार आणि जिमचे सल्ले देणारी पानं तर मी वाचतच नाही.

औषधांचा भाग कामाचा असू शकतो. रक्त पातळ ठेवायचं क्लोपिडोग्रेल काही लोकांत नीट काम करत नाही कारण त्यांचा सीवायपी-२सी-१९ जीन वेगळा असतो, आणि भारतीयांत हे काही दुर्मीळ नाही. पण रिपोर्ट बघून स्वतःच्या मनाने गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं. रिपोर्ट कार्डिओलॉजिस्टला दाखवा, तो ठरवेल. हृदयाचाच आणखी एक बदल, एमवायबीपीसी-३ या जीनमधली २५ अक्षरं गळालेली असतात, २००९ मध्ये आलेल्या संशोधनानुसार दक्षिण आशियातल्या सुमारे चार टक्के लोकांत. तुमच्या किटच्या यादीत तो आहे का ते बघा, नसेल तर रिपोर्टने त्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही असं धरा.

आता कॅन्सर. मावशीच्या वेळी मला जे कळलं ते नियम म्हणून लिहितेय.

टेस्ट आधी ज्याला आजार झालाय त्याची. सगळ्यात महत्त्वाचं हेच. मावशी हयात आहे तर तिची टेस्ट आधी. तिच्यात बदल सापडला तर मग मुलं, बहिणी, भाचे यांची फक्त त्या एका बदलासाठी टेस्ट करायची, ती स्वस्त पडते आणि उत्तर स्वच्छ हो किंवा नाही येतं. उलट घाबरून आधी निरोगी मुलीची टेस्ट केली आणि निगेटिव्ह आली, तर काय कळलं? घरातला बदल तिच्याकडे आला नाही, की घरात जो आहे तो टेस्टला दिसलाच नाही, हे सांगताच येत नाही.

बीआरसीएचा बदल बापाकडूनही येतो. आत्या, वडिलांची आई, यांचे आजार लोक मोजतच नाहीत. बदल असलेल्या आईकडून किंवा बापाकडून प्रत्येक मुलाला, मुलगा असो मुलगी असो, तो मिळायची शक्यता निम्मी.

रिपोर्टमध्ये "अर्थ अनिश्चित असलेला बदल" असं येऊ शकतं, डॉक्टर त्याला व्हीयूएस म्हणतात. आपल्या लोकांत असे निकाल जास्त येतात कारण तुलनेला आपला डेटाच कमी. त्याला पॉझिटिव्ह समजून ऑपरेशनचा विचार करू नका, आणि फाइलही फेकू नका, काही वर्षांनी त्याचं वर्गीकरण बदलू शकतं, वर्षा-दोन वर्षांनी लॅबला मेल करून विचारायचं.

काउन्सेलर कुठे मिळतो हे विचाराल तर मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांत मिळतो, मुंबईच्या टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे. टेस्टच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, असं दोनदा बोला. मावशीची भेट तासभर चालली आणि त्यात बराच वेळ फक्त वंशावळ काढण्यात गेला, तो वाया गेलेला वेळ समजू नका.

१०. रॉ डेटाची फाइल

बऱ्याच साइट तुमची मूळ फाइल डाउनलोड करू देतात. साधी टेक्स्ट फाइल, लाखो ओळींची. एक ओळ अशी दिसते: आरएस ४९८८२३५, क्रोमोझोम २, जागा १३६६०८६४६, जीजी. हे दूध पचण्याचं ठिकाण आहे. जीजी (आईकडून जी आणि वडिलांकडूनही जी) असेल तर मोठेपणी दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी होण्याची शक्यता जास्त, एक जरी ए असेल तर दूध सहसा पचतं. जीजीवाल्यांनाही दही-ताक बहुतेक वेळा सोसतं. असं आपल्या हाताने शोधून बघायला खरंच छान वाटतं, शिकायला हीच जागा उत्तम.

सापळाही इथेच आहे. ही फाइल दुसऱ्या साइटवर चढवली की आजारांची लांबलचक यादी मिळते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका लॅबने अशा रॉ डेटात दिसलेले बदल परत नीट तपासले, तर त्यातले ४० टक्के मुळात नव्हतेच, चिपने चुकीचे वाचलेले. म्हणून रॉ डेटात काही भयंकर दिसलं तर रडारड करायच्या आधी मान्यताप्राप्त लॅबमध्ये वेगळा नमुना देऊन खात्री करा.

ब्लड ग्रुपही यावरून ठरवू नका. बॉम्बे ब्लड ग्रुप ऐकला असेल, १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेला. त्या माणसाच्या एबीओ जीनमध्ये बी असू शकतो आणि फाइलवरून अंदाज बांधणारी साइट "बी" सांगेल, साध्या तपासणीत तो ओ दिसेल, पण त्याला ना बीचं रक्त चालतं ना ओचं, फक्त बॉम्बेचंच. रक्तासाठी रक्तपेढीच.

११. काम झालं की आवरून ठेवणं

आधी रिपोर्टची पीडीएफ आणि हवी असेल तर रॉ फाइल उतरवून घ्या, पासवर्ड लावून पेन ड्राइव्हवर ठेवा, व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवू नका. मग सेटिंगमध्ये जाऊन रिसर्चची परवानगी मागे घ्या, ज्या अभ्यासांत डेटा आधीच वापरला गेला तिथून तो परत येत नाही पण पुढचा वापर थांबतो. साठवलेला नमुना नष्ट करा म्हणून सांगा. शेवटी खातं डिलीट करा. इथे बरेच जण अडकतात, कारण डिलीटचं बटण दाबल्यावर कंपनी एक ईमेल पाठवते आणि त्यातली लिंक दाबेपर्यंत काहीच डिलीट झालेलं नसतं, ईमेल स्पॅममध्येही जातो. नियमांमुळे लॅब काही नोंदी ठेवू शकते, किती काळ आणि कोणत्या, ते विचारून उत्तर लेखी घ्या.

हॉस्पिटलच्या रिपोर्टचं मात्र उलटं. तो कधीही टाकू नका. त्याच्या झेरॉक्स बहीण-भावांना द्या, कोणता जीन आणि कोणता बदल ते ज्या पानावर लिहिलंय ते पान त्यात आहे ना हे बघून द्या, कारण उद्या भाचीची टेस्ट करायची वेळ आली तर लॅब सगळ्यात आधी तेच पान मागणार आहे.